तुतीच्या फळ्या

वादळात मागच्या अंगणातली तुती पडली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद शेजारणीला झाला. दर उन्हाळ्यात त्या झाडाची जांभळी फळं तिच्या वाळत घातलेल्या चादरींवर टपटपायची, आणि दर उन्हाळ्यात ती कुंपणापाशी येऊन एक डागाळलेली चादर झेंड्यासारखी फडकवून दाखवायची. आता तिने तोंडदेखलं "अरेरे" केलं आणि त्याच दमात सरपणवाल्याचा नंबर दिला.

सरपणवाला आला. खोडाभोवती एक चक्कर मारून त्याने बुटाच्या टोकाने दोनदा ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "काका, तुकडे करतो, गाडीत घालतो, अंगण झाडूनसुद्धा देतो. उद्या बघाल तर इथे झाड होतं असं वाटायचं नाही."

काका 'हो' म्हणणारच होते. या काकांना ओळखीतले सगळे सावकाशराव म्हणत. जन्मभर त्यांनी शहरातली बस चालवली, आणि ती इतकी जपून की डेपोतल्या मंडळींनी हे नाव चिकटवलं. नोकरी संपली, नाव राहिलं. बायको गेल्यापासून ते बहुतेक वेळ मागच्या खिडकीत बसून असत. मुलगा बोटीवर विजेची कामं करायचा. वर्षाचे बरेच महिने तो पाण्यावर आणि घरात हे दोघं, सावकाशराव आणि सून. सून दवाखान्यात एक्स-रे काढायची. दोघांचं कधी भांडण झालं नव्हतं, कारण भांडायला आधी बोलावं लागतं. "बाबा, चहा ठेवलाय." "बरं." "बाबा, मी निघते." "बरं." बँकेच्या खिडकीपाशी माणसं याहून जास्त बोलतात.

तर ते 'हो' म्हणणार एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून सुनेचा आवाज आला. "फांद्या न्या. खोड द्यायचं नाहीये."

सरपणवाल्याने मान वळवली. "ठेवून काय करणार, ताई?"

"फळ्या काढणार."

"कुणाकडून?"

"मीच काढणार."

बस बंद पडल्यावर उतारू जसे ड्रायव्हरकडे बघतात, तसं सरपणवाल्याने सावकाशरावांकडे बघितलं. ते खोडाकडे बघू लागले. त्यांना तरी काय ठाऊक होतं?

मग उलगडा झाला तो असा. सुनेने एक जुनी, पण दणकट चेनसॉ, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या साखळीची करवत, केव्हाच विकत आणून ठेवली होती. ती जिन्याखालच्या खोलीत गोधडीत गुंडाळलेली होती. जोडीला एक लोखंडी चौकट होती. ती करवतीच्या लांब पात्यावर बसवायची, मग पातं लाकडाच्या पृष्ठभागापासून एकाच अंतरावर राहतं आणि खोडातून सरळ फळी निघते. कित्येक महिने ती जेवणाच्या सुट्टीत फोनवर हेच बघत होती. इतर बायका साड्या बघतात, स्वयंपाक बघतात, ही ओंडके चिरणारी माणसं बघायची. फक्त ओंडका मिळत नव्हता. आता वादळाने तो घरपोच आणून टाकला होता.

"पण का?" सावकाशरावांनी विचारलं. सुनेला 'का' असं त्यांनी बहुधा पहिल्यांदाच विचारलं असेल.

तिने जरा विचार केला. "बाबा, दिवसभर मी बिनखिडकीच्या खोलीत असते. 'श्वास घ्या, रोखून धरा, सोडा.' याशिवाय मी दिवसभरात काही बोलत नाही. मला काहीतरी जड करायचंय. आवाज होईल असं."

ते "बरं" म्हणाले आणि खिडकीत जाऊन बसले.

पण खिडकीत चैन पडेना. सुट्टीच्या दिवशी सून खोडाच्या सालीवर चुंबक फिरवत बसली. खोडात एखादा खिळा राहिला आणि करवतीची साखळी त्यावर गेली, तर सगळे दात बोथट. ती गुडघ्यांवर बसून सालीत बोटं घालत होती आणि खिळे होते भलतीकडेच. सावकाशरावांना ते ठाऊक होतं. ते सगळे त्यांनीच तर ठोकले होते. शेवटी न राहवून ते पक्कड घेऊन बाहेर आले.

"तिथे नाही. इथे. हा तुझ्या सासूच्या कपडे वाळत घालायच्या दोरीचा. हा पिंजऱ्याचा."

"कसला पिंजरा?"

"तुझ्या नवऱ्याने लहानपणी एक पोपट आणला होता. आठवड्याने उडाला. पिंजरा मग बरीच वर्षं लटकत होता. तुझ्या सासूला वाटायचं, येईल परत."

सून हसली. त्यांनी एकेक खिळा हलवून हलवून उपसला. लाकडाने घट्ट धरून ठेवलेले ते खिळे किंचाळत बाहेर येत. दोरीचा खिळा निघाला तेव्हा त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात टाकला, बाकीचे डब्यात.

पहिला काप फारसा बरा गेला नाही. ओंडका गोल असतो, त्याच्यावर पहिल्या कापाला सरळ टेकायला काहीच नसतं. म्हणून खोडावर अल्युमिनिअमची शिडी आडवी ठेवून, स्क्रूने पक्की करून, तिच्यावरून चौकट सरकवायची असते. सुनेने हे शंभरदा बघितलं होतं. पण बघणं वेगळं. डोळ्यांवर चष्मा, कानांवर जाड टोप, हातांत मोजे, पायांत दवाखान्याच्या स्टोअरमधून मागून आणलेले बूट अशा थाटात तिने मशीन सुरू करायची दोरी ओढली, पुन्हा ओढली. मशीन अशी काही गरजली की शेजारीण चादरी सोडून घरात पळाली.

निम्म्यात पातं अडकलं. चिरलेलं लाकूड स्वतःच्या वजनाने बसलं आणि त्याने पातं चिमट्यात धरलं. ते सोडवता सोडवता दुपार गेली. निघालेला तुकडा एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ. सुनेने चष्मा वर केला. घामाने आणि भुशाने तिचं तोंड पिठात लोळल्यासारखं झालं होतं.

"शिडी हलली," ती म्हणाली.

"आणि पाचर मारायला हवी होती," सावकाशराव म्हणाले. "मागे. म्हणजे फट मिटत नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

"आत्ता दिसलं ना अडकलेलं."

दोघांनी मिळून तो वाकडा तुकडा उलटा केला. आतलं लाकूड अंड्याच्या बलकासारखं पिवळंधमक होतं. त्यावर तपकिरी रेषा, एका गाठीभोवती भोवऱ्यासारख्या वळत गेलेल्या. आयुष्यभर सावकाशराव त्या झाडाखाली बसले होते, त्याच्या फळांवरून शेजारणीची बोलणी खाल्ली होती, आणि आत हे असं आहे याचा त्यांना पत्ता नव्हता. सुनेने मोजे काढून तळहात फिरवला. मग त्यांनीही फिरवला. लाकूड ओलं होतं, गार.

"एवढं सुंदर जाळायला नेत होता तो," ती म्हणाली.

त्या दिवसापासून सावकाशरावांची खिडकी सुटली. पाचरी ठोकायचं काम त्यांचं. तिने नवी साखळी मागवली, कारण झाड आडवं तोडायची साखळी वेगळी आणि उभं चिरायची वेगळी. दोघांनी मिळून दातांना कानस लावायची शिकवणी चालवली. पहिल्या वेळी एका बाजूचे दात जास्त घासले गेले आणि करवत आपली डावीकडे डावीकडे जाऊ लागली. पुढच्या वेळी बरं जमलं. संध्याकाळी दोघं वाकड्या तुकड्यावर बसून चहा प्यायचे. बोलणं अजून फारसं होत नव्हतं, पण त्या गप्प बसण्यात आता अवघडलेपण नव्हतं.

आणि मग सावकाशरावांना मदत करायची हौस आली.

त्या दिवशी सून आत कपडे बदलत होती. मशीनची टाकी रिकामी होती. जिन्याखाली एक लहान डबा होता, तोही रिकामा. त्याच्या शेजारी मोठा कॅन पेट्रोलने भरलेला. सावकाशरावांना वाटलं, पोरगी येईपर्यंत आपण भरून ठेवू. जन्म गेला इंजिनापाशी, एवढं तर येतंच. त्यांनी मोठ्या कॅनमधून एक थेंबही न सांडता टाकी भरली आणि झाकण फिरवून कापडाने पुसलं.

फळी निम्म्यापर्यंत आली आणि मशीनचा आवाज बदलला. बारीक, चिडका झाला. सुनेच्या कानांवर टोप होते, तिला तो वेळेवर जाणवला नाही. मग एक कर्कश ओरबाडा आला आणि सगळं थांबलं. दोरी ओढली तर हलेना. इंजिन दगडासारखं जाम.

"मी जोर लावला," सून म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "घाई केली मी. तापली होती, तरी रेटत राहिले."

ती मशीन गाडीत घालून मेकॅनिककडे घेऊन गेली. सावकाशराव मोठा कॅन जागेवर ठेवायला जिन्याखाली गेले. तिथे लहान डब्यामागे एक तेलाची बाटली होती आणि डब्यावर तिच्या अक्षरात, मोठ्या ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'तेल मिसळलेलं. मशीनमध्ये हेच!'

ते तिथेच पायरीवर बसले. बसचं इंजिन वेगळं, त्याचं तेल वेगळ्या जागी जातं. आणि बसमध्येही ते नेहमी डेपोतल्या लोकांनीच घातलेलं. असली लहान मशीन पेट्रोलबरोबरच तेल पिते, कोरड्या पेट्रोलवर ती आतून जळते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. कुणी सांगितलं असतं तर कळलं असतं. कुणाला विचारलं असतं तरी.

रात्रीच्या जेवणाला सून नुसती भाजी चिवडत राहिली. "माझ्या हातात काही टिकत नाही," ती म्हणाली. "हौस करायला गेले आणि वाट लावली."

हीच वेळ होती. सावकाशरावांनी तोंड उघडलं, पाणी प्यायले आणि बंद केलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर ते बस पकडून मेकॅनिककडे पोचले. मेकॅनिकने मशीन उघडून ठेवली होती. पिस्टनवर मांजराने नखं मारावीत तसे ओरखडे होते.

"कोरडं पेट्रोल," मेकॅनिक म्हणाला. "कुणी घातलं?"

"मी."

मेकॅनिकने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्याला दया आली असावी. "ताई काही बोलल्या नाहीत. त्यांना वाटतंय जास्त रेटली म्हणून गेली. बोलायचं तर मी म्हणतो, मशीन जुनी होती, आज ना उद्या जाणारच होती. पिस्टन बदलला की झालं. तुम्ही कशाला बोलणी खाता?"

किती सोपं होतं! सावकाशराव "बघतो" म्हणून बाहेर पडले आणि स्टॉपवर उभे राहिले. घराकडची बस आली. ड्रायव्हर ओळखीचा निघाला, त्याने "काय सावकाशराव, चला!" म्हणून हाकही मारली. त्यांनी हात हलवून त्याला जाऊ दिलं आणि मागून आलेल्या, दवाखान्याकडे जाणाऱ्या बसमध्ये चढले.

एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकडं होतं. गळ्यात हात अडकवलेला एक पैलवानासारखा माणूस आणि पाय आखडून बसलेली एक आजी यांच्यामध्ये ते बसले. दार उघडलं. हातात कागद घेऊन सून बाहेर आली, पुढच्या माणसाला हाक मारायला तोंड उघडलं आणि सासऱ्यांना बघून थबकली.

"बाबा! काय झालं? पडलात? छातीत दुखतंय?" ती धावलीच. नाडी बघायला तिने मनगट धरलं.

"मला काही झालं नाही," ते म्हणाले. "पेट्रोल मी घातलं."

"काय?"

"मशीनमध्ये. मोठ्या कॅनमधलं. बिनतेलाचं. तुझी काही चूक नाही. मी मेकॅनिककडे जाऊन आलो."

सून त्यांच्याकडे बघत राहिली. मनगट अजून तिच्या हातात होतं. मग तिने ते सोडलं.

"तुम्ही घातलं?" तिचा आवाज चढला. "आणि काल जेवताना समोर बसून ऐकत होतात? मी रात्रभर स्वतःला शिव्या घातल्या, बाबा! विचारायचं ना! डब्यावर लिहिलंय एवढं मोठं! एकदा, फक्त एकदा 'काय घालू' म्हणून विचारायला काय जातं तुमचं?"

आजीने पाय सरळ केला. पैलवान भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागला.

"चुकलं," सावकाशराव म्हणाले.

"घरी बोलू," सून म्हणाली, आणि पैलवानावर गरजली, "पुढचा!"

पैलवान निमूटपणे आत गेला. दारामागून तिचा आवाज आला, "श्वास घ्या! रोखून धरा!" तो बिचारा किती वेळ रोखून बसला असेल देव जाणे.

घरी जाताना सावकाशरावांना अपराधी वाटत होतं, पण त्याबरोबर आणखीही काही वाटत होतं. ते काय आहे हे त्यांना उतरायचा स्टॉप येईपर्यंत कळेना. सून त्यांच्यावर ओरडली होती. त्यांची बायको ओरडायची तशी, मुलगा लहानपणी ओरडायचा तशी. पाहुण्यांवर कुणी असं ओरडत नाही.

ती घरी आली ती राग शिळा न होऊ देता. पर्स टाकली आणि तिथून पुढे सुरू झाली. तेल मिसळायचं प्रमाण, मशीनचा भाव, तिने ती कशी शोधून शोधून मिळवली, सगळं झालं. मग गाडी मशीनवरून घसरली. "इतक्या वर्षांत तुम्ही मला काही विचारलं नाहीत. भाजी कोणती करू विचारलं तर 'कोणतीही'. कुठे जायचं का, तर 'नको'. आई गेल्यावर मला वाटलं होतं, आता तरी आपण दोघं... पण तुम्हाला मी आवडतच नाही."

सावकाशराव उभे राहिले. "आवडत नाही? कुणी सांगितलं? तुझ्या हातचा चहा रोज पितो की मी!"

"तो चहा तुम्हाला मुळीच आवडत नाही! मी साखर कमी घालते. मी आत गेले की तुम्ही गुपचूप दोन चमचे घालता. दिसतं मला!"

त्यांचं तोंड उघडं राहिलं. "मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

सुनेच्या ओठांचा कोपरा हलला. तिने तो दाबायचा प्रयत्न केला, पण हसू फुटलंच, आणि हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं. सावकाशराव स्वयंपाकघरात गेले, आधण ठेवलं आणि तिथून मोठ्याने विचारलं, "तुला किती साखर?"

"एकच!" ती नाक पुसत ओरडली. "सपाट चमचा!"

मशीन दुरुस्त होऊन आली. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं काम सुनेने सासऱ्यांकडेच दिलं. ते मोजपात्र डोळ्यांसमोर धरून असे मिसळत, की फार्मसीवाला लाजावा. कापायचं काम मात्र सावकाशच चालायचं. करवत रेटायची नाही, तिच्या चालीने जाऊ द्यायची. ती पुढे सरकली की मागे पाचर, पुन्हा थोडं पुढे, पुन्हा पाचर. एखाददुसरी फळी वाकडी निघाली. झाडाच्या गाभ्यातून गेलेली एक फळी तर आठवड्याभरात मधोमध तडकली. सून हळहळली, पण रडली नाही. बाकीच्या फळ्या त्यांनी भिंतीलगत, वारा खेळेल असं मध्ये पट्ट्या घालून रचल्या. लाकूड टोकांकडून आधी सुकून फाटतं, म्हणून टोकांना दाराचा उरलेला निळा रंग फासला. सावकाशरावांच्या चपलांनाही तो लागला.

शेजारीण कुंपणापाशी आली. "झालं का तुमचं? आता काय करणार यांचं?"

"सुकू देणार," सून म्हणाली.

"किती दिवस?"

"वर्षभर. जास्तही लागेल."

"वर्षभर!" शेजारीण सावकाशरावांकडे वळली. "आणि तोवर काय करणार तुम्ही?"

सावकाशराव चपलेवरचा निळा रंग खरवडू लागले. बोटीवरून मुलाचा फोन आला तेव्हा त्यानेही विचारलं, या फळ्यांचं करणार काय. सून म्हणाली टेबल, सावकाशराव म्हणाले बाक, आणि त्याच्यासमोरच दोघांची जुंपली. टेबल जागा किती खाईल, बाकावर बसणार कोण, पाय लोखंडी की लाकडी. मुलगा मध्येच म्हणाला, "घरात सगळं ठीक आहे ना?"

"तू मध्ये बोलू नकोस," त्याचे वडील म्हणाले.

पुढच्या आठवड्यात सून घाईघाईने घरी आली आणि दारातूनच म्हणाली, "बाबा, दवाखान्याच्या फाटकापाशी अक्रोड आहे ना, वाळलेला? तो पाडणार आहेत. मी साहेबांना विचारलं, खोड न्यायला हरकत नाही म्हणाले."

"केवढा आहे?"

तिने दोन्ही हात पसरले. मग आणखी थोडे पसरले.

"आपलं पातं पुरायचं नाही."

"पुरेल. बाजूने आधी तासून घ्यायचं."

"नाही पुरणार, सूनबाई. उगाच अडकेल आणि मग बसशील कपाळाला हात लावून."

"तुम्ही बघितलंय का झाड? नाही ना? मग बघून बोला."

सावकाशरावांनी मोजपट्टी खिशात टाकली आणि चपला शोधू लागले.

"आत्ता?" सून म्हणाली. "मी अजून चहासुद्धा घेतला नाहीये."

"आल्यावर घे. तेवढ्यात दुसरं कुणी त्या खोडावर हक्क सांगेल."